राउटरची पोथी

५ जुलै १९८७, रविवार. संध्याकाळी सात.

नवी वही. पहिल्या पानावर श्री काढला. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. बायकोला, पुष्पावतीला, अक्षरं येत नाहीत, फक्त आकडे येतात. त्यामुळे घरात धोका नाही.

बातमी अशी. साखरेची इस्टेट आमच्या बालांसवर बिनतारी यंत्र बसवणार. बालांस म्हणजे आमच्या ब्रीझे वेर्दिएर गावाच्या टोकाला असलेला ऊस तोलायचा काटा. तिथं दोन कारकून, मी आणि इंद्रदेव. माझी सव्वीस वर्षं झाली, त्याची नऊ. यंत्र आलं की दोघं लागणार नाहीत. एक इथं राहील, दुसरा आठ मैलांवर फॅक्टरीच्या ऑफिसात जाईल. ज्याला यंत्र जास्त समजेल तो राहील. परीक्षा १० ऑगस्टला. घेणार मोस्ये देलकूर, म्हणजे देलकूर साहेब, इस्टेटचे इंजिनियर.

फॅक्टरीला जायला माझी तशी ना नाही. पण ऊसतोडीच्या दिवसांत तिथं सहाला सुट्टी, आणि बस घरी सातला पोचवते. बालांससमोरच्या आमच्या गणपतीच्या देवळात दिवा सूर्य बुडताना लागतो. बावीस वर्षं तो मी लावतोय. वात लावायची, एकशे आठ नावं घ्यायची, कुलूप घालायचं. आजवर एकच दिवस चुकला, आणि त्या दिवशी सायक्लोनने देवळाचं छप्पर नेलं होतं.

म्हणून यंत्र मी शिकणार. वय एकोणपन्नास. शिकायला हेच वय चांगलं. डोकं शांत असतं.

६ जुलै, सोमवार.

मोस्येंनी दोघांना एकेक पुस्तक दिलं. इंग्रजी. एकशे बेचाळीस पानं. विषय: चालत्या गाडीतून बिनतारी आकडे पाठवण्याची स्टँडर्ड्स, आणि ते आकडे पुढे धाडणारा राउटर.

समजलं ते असं. ट्रॅक्टरमध्ये एक सेट. तो गाडीचा नंबर आणि वजन हवेतून पाठवतो. बालांसवरचा राउटर ते घेतो, डोंगरावरच्या राउटरला देतो, तो फॅक्टरीला देतो. बस. इतक्यासाठी एकशे बेचाळीस पानं कशाला लागली ते समजलं नाही. लेखकाला पानामागे पैसे मिळत असावेत.

रोज सहा पानं. चोवीस दिवसांत संपेल. मग उजळणी.

९ जुलै, गुरुवार.

पान दोन. पहिल्या पानावर आभार होते, तेही वाचले. विद्या घेताना आधी नमस्कार.

दुसऱ्या पानावर पॅकेट, बॉड आणि प्रोटोकॉल. शाळेत मी सहावीपर्यंत. इंग्रजी तिथलं, मराठी बैठकेतलं, म्हणजे गावच्या संध्याकाळच्या शाळेतलं. बैठकेत बॉड शिकवला नव्हता. डिक्शनरीतही नाही. माझी डिक्शनरी १९५१ची आहे, म्हणजे चूक डिक्शनरीची.

१२ जुलै, रविवार.

हिशेबाने आज छत्तिसावं पान हवं होतं. आहे चौथं.

दुपारी पडल्या पडल्या उलगडा झाला. माझी पद्धत चुकत होती. आपण पोथी कशी वाचतो? थांबून अर्थ विचारत बसत नाही. अंघोळ करून पाटावर बसतो आणि सात दिवसांत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढतो. अर्थ त्याचा तो येतो. आमच्या आज्याला जुन्या पोथीतली निम्मी भाषा कळत नव्हती, पण गावात त्याच्या शब्दाला मान होता.

ठरलं. उद्यापासून सप्ताह. एकशे बेचाळीसला सात, म्हणजे दिवसाला वीस पानं, शेवटच्या दिवशी बावीस. अंघोळ करून, मोठ्याने.

१३ जुलै, सोमवार.

वीस पानं. एक बैठक. आवाज चांगला लागला. पुस्तकाला लाल कापड बांधलं. कागदी कव्हर फाटतं, दुसरं काही कारण नाही.

१४ जुलै.

वीस पानं. पुष्पावतीने विचारलं, हा कुठला देव? म्हटलं, विज्ञान. ती म्हणाली, मग नैवेद्याला काय लागतं त्याला? थट्टा होती.

१६ जुलै.

इंद्रदेव संध्याकाळी आला. मी अठ्ठ्याहत्तराव्या पानावर, तो दारात चपला काढून हात जोडून उभा. मी थांबल्यावर म्हणाला, दादा, मला वाटलं सत्यनारायण आहे, मी प्रसादाला थांबलो. त्याने आपलं पुस्तक उघडलंय का, असं मी विचारलं. म्हणाला, हो, रेडिओखाली ठेवलंय, रेडिओ डुगडुगत होता. आयो! अशा माणसाशी माझी स्पर्धा. त्याच्याबद्दल वाईटच वाटतं.

चहा मात्र दोन कप प्याला. पुष्पावतीचं आणि त्याचं नेहमी जमतं. दोघंही वाचत नाहीत.

१९ जुलै, रविवार.

समाप्ती. एकशे बेचाळीस पानं पूर्ण, शेवटी छापखान्याचा पत्तासुद्धा वाचला. केळ्याचा शिरा केला. पुष्पावतीने विचारलं, काय कळलं? म्हटलं, ज्ञान एकदम कळत नसतं, ते हळूहळू उतरतं. ती म्हणाली, उतरायला लागलं की सांगा, खाली टोपली धरते.

मला स्वतःला हलकं वाटतंय. ही खूण चांगली.

२२ जुलै, बुधवार.

इस्टेटने सरावाला सेट दिले. एक मला, एक इंद्रदेवला. मोटारीच्या बॅटरीवर चालतो. त्यात फक्त आकडे जातात: आधी गाडीचा नंबर, मग किती टन. समोर छोटी काच, तिच्यावर हिरवे आकडे. एरियलची तार जितकी उंच तितकं बरं, असं मोस्ये म्हणाले. पुस्तकातही आहे, पान एकोणनव्वद किंवा अठ्ठ्याण्णव.

आमच्या अंगणात सगळ्यांत उंच काय? मारुतीच्या झेंड्याचा बांबू. वीस फूट. तार त्याला बांधली, लाल दोऱ्याने, पाच गाठी. मारुतीइतका वेगवान निरोप्या दुसरा कोण? पुष्पावती म्हणाली, देवाच्या बांबूला इस्टेटची तार? म्हटलं, देवाला विचारलंय. विचारायला विसरलो होतो, नंतर विचारलं.

२३ जुलै, गुरुवार. साडेसहा.

दिवा लावून घरी आलो तर काचेवर आकडे! गाडी ७, टन ३. इंद्रदेवने तिकडून पाठवलेले. मी गाडी ९, टन ४ पाठवले, त्याला मिळाले. पुन्हा त्याचे आले. पुन्हा माझे गेले. बसल्या जागी आम्ही दोघांनी मिळून पंचावन्न टन ऊस तोलला.

पारायणाचं फळ. याला वेगळा पुरावा नको.

२६ जुलै, रविवार.

आज घरात अज्ञान फार झालं. नोंद करतो.

मुलगी सुनयना रोझ बेलला दिलीय. तिला दर रविवारी बिलिंबीचं लोणचं जातं. पुष्पावती बरणी फडक्यात बांधून पोर्ट लुईच्या बसच्या कंडक्टरला देते. तिकडे बाजारात कुंती भाजी विकते, कंडक्टर गाठोडं तिच्या फळीवर ठेवतो, ती ते रोझ बेलच्या बसवर चढवते. आज इंद्रदेव चहाला होता. त्याने मला विचारलं, दादा, हा राउटर नक्की करतो काय? मी तोंड उघडायच्या आत पुष्पावती म्हणाली, तुमचा राउटर म्हणजे आमची कुंतीच की. गाठोड्यात लोणचं आहे की दगड, तिला काय करायचं? ती वरचा दोरा बघते. लाल दोरा रोझ बेल, पिवळा दोरा दुसरं गाव. आमचं सगळ्यांचं ठरलेलं आहे. बस चुकली तर पुढच्या बसला देते. पोचलं की सुनयना रिकामी बरणी परत पाठवते. बरणी आली नाही तर मी दुसरी भरते.

इंद्रदेवने विचारलं, आणि स्टँडर्ड? ती म्हणाली, दोऱ्याचा रंग. उद्या एखादीने आपल्या मनाने हिरवा बांधला तर लोणचं बाजारातच पडून राहील.

इंद्रदेव इतका हसला की चहा नाकातून आला. मी शांतपणे सांगितलं, लोणचं आणि विज्ञान वेगळं ठेवावं. तो म्हणाला, बरोबर आहे दादा, आणि लोणच्याची एक बरणी घेऊन गेला.

१ ऑगस्ट, शनिवार.

श्रावणातला पहिला शनिवार. आज घरची मारुतीची पूजा आणि झेंडा बदलायचा दिवस. नवा बांबू बलरामच्या बनातून आणला. बलराम म्हणजे मेहुणा, फॅक्टरीत कामाला. पूजा मी सांगितली. मन इतकं लागलं की डोळे उघडायची इच्छा नव्हती.

जुना बांबू रिवाजाप्रमाणे नदीत सोडला. देवाला बांधलेलं पुन्हा सोडायचं नसतं. झेंडा, दोरा, जे काही असेल ते सगळं बांबूसकट पाण्यात. मी स्वतः खांद्यावर नेला. बलराम मागून काही तरी ओरडत होता, पण मी स्तोत्र म्हणत होतो. बांबू छान वाहत गेला. मागे एक शेपटी होती, पाण्यात चमकत होती. डोळे भरून आले.

२ ऑगस्ट, रविवार.

सेट गप्प. इंद्रदेवला ताप असावा.

३ ऑगस्ट.

इंद्रदेवला ताप नाही. म्हणाला, दादा, मी सकाळपासून तीस गाड्या पाठवल्या, तुम्ही झोपला होता का? सेट गप्पच. हे हवेमुळे. पुस्तकात हवेवर एक पूर्ण प्रकरण आहे.

५ ऑगस्ट, बुधवार.

पुस्तक पुन्हा उघडलं. मला वाटतं दोन स्टँडर्ड्स एकमेकांवर आपटतायत. ट्रॅक्टरवरचे पिवळे सेट हळू बोलतात, तीनशेच्या वेगाने. नवे करडे सेट बाराशेच्या. कुठे तरी पिवळा आणि करडा एकाच वेळी बोलत असणार. मोस्येंसाठी एक पानाचं टिपण लिहिलं. भाषा जमली आहे.

६ ऑगस्ट, गुरुवार.

पुष्पावती कपडे वाळत घालताना म्हणाली, अहो, तुमची ती तार बांबूबरोबर गेली ना? बलराम सांगत होता तुम्हाला.

टिपण फाडलं.

नदीवर जाऊन आलो. नाही. तिचं तरी बरं झालं, ती समुद्राला मिळाली असेल.

कपडे वाळवायची तार नव्या बांबूला लावली. रात्रीपर्यंत एक आकडा आला: गाडी ८८८, टन ०. तो कुणाचा ते माहीत नाही. पण आला.

९ ऑगस्ट, रविवार.

उद्या परीक्षा. मी तयार आहे. पान एक्केचाळीस तोंडपाठ, ज्यात राउटरची व्याख्या आहे. बेचाळीससुद्धा. देवळात आज नावं सावकाश घेतली. दिवा नीट जळत होता. हा मला सोडून कुठे जाणार नाही, असं दिव्याकडे बघून वाटलं. मी त्याच्याबद्दल म्हणत होतो की तो माझ्याबद्दल, ते नक्की नाही.

१० ऑगस्ट, सोमवार.

परीक्षा झाली. मी आधी गेलो.

मोस्ये देलकूर म्हणाले, तुलसी, सोप्या शब्दांत सांग, राउटर काय करतो? मी एक्केचाळिसावं पान म्हटलं, दोन्ही परिच्छेद, एकही श्वास न घेता. ते म्हणाले, बरं, म्हणजे काय? मी बेचाळिसावं पान म्हटलं. त्यांनी विचारलं, बाबा, ट्रॅक्टर टेकडीमागे गेला आणि आकडा मिळाला नाही, तर काय करायचं? हे पान मला पाठ नव्हतं. मी म्हटलं, धीर धरायचा. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. माझ्या शांतपणाचा परिणाम.

नंतर इंद्रदेव. दाराबाहेरून ऐकू येत होतं. क्रेओलमध्ये बाजाराचं काही तरी, बसचं, बरणीचं. मोस्ये मोठ्याने हसले. म्हणाले, कोरेक, एकदम बरोबर! आणि बरणी परत आली नाही तर? इंद्रदेव म्हणाला, तर दुसरी भरायची, मोस्ये. मोस्येंनी विचारलं, ते लोणचं मिळतं कुठे?

इतक्या गंभीर परीक्षेत खाण्याच्या गोष्टी. इंद्रदेव नापास, हे उघड आहे.

११ ऑगस्ट, मंगळवार.

इंद्रदेव बालांसवर. मी फॅक्टरीत, सोमवारपासून.

मोस्ये म्हणाले, तुलसी, तुझं पाठांतर अफाट आहे, तू तिकडच्या सेटसमोर बस आणि आलेले आकडे उतरून घे. म्हणजे सगळे राउटर शेवटी माझ्याकडे येणार. नीट पाहिलं तर ही बढतीच.

इंद्रदेव घरी आला. चपला न काढता दारातच उभा. मग म्हणाला, दादा, मी नको म्हणून सांगू का मोस्येंना? मला देवळाचं माहीत आहे. मी म्हटलं, खुळा आहेस का, चार पोरं आहेत तुला, आणि बसचा प्रवास मला आवडतो. बसचा प्रवास मला आवडत नाही.

१६ ऑगस्ट, रविवार.

देवळाची किल्ली पुष्पावतीकडे दिली. सूचना दिल्या: तेल किती, वात किती, दार किती उघडं ठेवायचं, वाऱ्याची दिशा, एकशे आठ नावं, मधे बोलायचं नाही. ती म्हणाली, तीस वर्षं घरातला दिवा कोण लावतं? मी म्हटलं, घरातला वेगळा. ती म्हणाली, ज्योत तीच की.

किल्ली दिली खरी. पण तिला सूर्य बुडण्याची वेळ सांभाळता येणार नाही, याची मला खात्री आहे. तेव्हा ती गप्पांत असते.

१७ ऑगस्ट, सोमवार. फॅक्टरी.

टेबल चांगलं. खिडकीतून चिमणीचा धूर दिसतो, सूर्य दिसत नाही. साडेपाच वाजल्यापासून घड्याळाकडेच बघत होतो. आता वात लावली असेल का? तेल ओतलं असेल का? अंधार पडून गेला तर?

तेवढ्यात पाच पंचावन्नला सेटवर ब्रीझे वेर्दिएरहून आकडे: गाडी ०, टन १०८. शून्य नंबरची गाडी इस्टेटकडे नाही. एकशे आठ टन ऊस मावेल अशी गाडी बेटावर नाही. लिहून घेतलं. आकडा तरी शुभ आहे.

१८ ऑगस्ट, मंगळवार.

पुन्हा. पाच सत्तावन्न. गाडी ०, टन १०८. दोन दिवसांत फॅक्टरीच्या कागदावर दोनशे सोळा टन ऊस जास्त, आणि आवारात एक कांडं जास्त नाही. हेडक्लार्कने मला विचारलं, हा ऊस तुम्ही खाल्ला का?

पारायणाचा उपयोग आता होणार. हा दोन स्टँडर्ड्सचा घोटाळा आहे, पिवळा आणि करडा. मी आधीच म्हटलं होतं.

१९ ऑगस्ट, बुधवार. रात्री आठ.

सगळं सलग लिहितो.

पाच छप्पन्नला तोच आकडा आला. मी तयारच होतो. मोस्येंसाठी तीन पानांचा रिपोर्ट सकाळपासून लिहिला होता, इंग्रजीत. पहिलं पान स्टँडर्ड्स. दुसरं पान हवा. तिसऱ्या पानावर मत: ब्रीझे वेर्दिएरच्या माणसाला यंत्र समजलेलं नाही, तो रोज संध्याकाळी खोटा ऊस पाठवतो, त्याला हलवून तिथं अनुभवी माणूस बसवावा. अनुभवी माणसाचं नाव मी लिहिलं नाही. सव्वीस वर्षं एवढंच लिहिलं. मोस्ये घरी गेले होते. रिपोर्ट त्यांच्या टेबलावर मधोमध ठेवला, वर दौत ठेवली, उडू नये म्हणून.

घरी आलो. वाटेत देवळात डोकावलो. दिवा लागलेला. वात माझ्यापेक्षा सरळ.

जेवताना पुष्पावतीने विचारलं, रोज मिळतो ना? म्हटलं, काय? म्हणाली, दिवा. मला काही कळेना. ती म्हणाली, अहो, तुम्ही तिकडे बसून जीव खाणार हे मला माहीत नाही का? मी दिवा लावते, एकशे आठ नावं घेते, बाहेर येऊन बालांसकडे हात करते. इंद्रदेव खिडकीतच उभा असतो. तो लगेच तुम्हाला पाठवतो. यंत्रात अक्षरं जात नाहीत म्हणाला, म्हणून गाडी शून्य ठरवली, देवाची गाडी, आणि एकशे आठ. मीच सांगितलं त्याला. तो म्हणाला, वैनी, दादा यंत्रातले, पहिल्याच दिवशी ओळखतील.

ती म्हणाली, ओळखलंत ना?

म्हटलं, हो. पहिल्याच दिवशी.

आता मोस्येंच्या टेबलावरचा तो रिपोर्ट त्यांच्या आधी उचलायचा. सगळं ठरवून झालं. पहाटे चारला उठायचं, अंघोळ, पाच वाजता स्टॉपवर.

बलरामकडून वेळ विचारून आलो. मोस्ये देलकूर ऊसतोडीत साडेपाचला टेबलावर असतात. पहिली बस इथून साडेपाचला सुटते.